व्हॉल्व्हचा आवाज आणि कानाची साक्ष

ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा ज्यांना नुसता शौक नव्हे, व्यासंग आहे अशा चार मंडळींच्या बैठकीत अँप्लिफायरचा विषय निघाला की थोड्याच वेळात तट पडतात. एक म्हणतो, ३००बी या व्हॉल्व्हवर गायिकेचा गळा जसा समोर उभा राहतो तसा दुसऱ्या कशावरही राहत नाही. दुसऱ्याला ईएल ३४ चा मधल्या सप्तकातला गोडवा मोहवितो. तिसरा केटी ८८ चा पक्षपाती. पखवाजाच्या बायेचा घुमारा ऐकावा तर त्याच्यावरच, असे त्याचे मत. चौथा बहुधा इंजिनियर असतो. तो हे सारे ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो की, हे सगळे मनाचे खेळ आहेत.

वाद करमणुकीचा आहे, परंतु केवळ करमणुकीचा नाही. १९३० च्या दशकातला ३००बी आजही अमेरिकेत नव्याने तयार होतो आणि त्याच्या एका जोडीला जवळपास मोटारसायकलीएवढे पैसे पडतात. ज्याला गाण्याचे वेड आहे पण खिसा बेताचा आहे अशा माणसाने हे पैसे खर्चावेत की नाहीत? आणि त्याहूनही मूलभूत प्रश्न असा की, कान एक सांगतो आणि मापनयंत्र दुसरे सांगते तेव्हा साक्ष कोणाची मानावी?

प्रथम हा व्हॉल्व्ह करतो काय ते पाहू. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या ऋणाग्रापासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनाग्राकडे धावतात. त्यांच्या वाटेवर तारेची एक जाळी असते. जाळीवरील विद्युद्दाब किंचित कमीअधिक केला की हा सारा प्रवाह त्या तालावर कमीअधिक होतो. अँप्लिफायरमधले आधीचे व्हॉल्व्ह केवळ निरोप्याचे काम करतात. संदेश मोठा करून पुढे देतात. शेवटच्या व्हॉल्व्हला मात्र ओझे उचलावे लागते. लाऊडस्पीकरचा पडदा हलवायचा तर वॅटच्या हिशेबात शक्ती लागते आणि ती याच व्हॉल्व्हने पुरवायची. त्यातही अडचण अशी की, व्हॉल्व्हजवळ दाब पुष्कळ पण प्रवाह थोडा असतो, तर लाऊडस्पीकरच्या वेटोळ्याला दाब थोडा पण प्रवाह पुष्कळ हवा असतो. या दोघांची सोयरीक जुळविण्याचे काम आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. हा मध्यस्थ ध्यानात ठेवावा. व्हॉल्व्हच्या नावावर जमा झालेले पुष्कळसे गुण आणि दोष वस्तुतः त्याचे असतात.

या शेवटच्या व्हॉल्व्हची मुख्य घराणी तीन. सर्वांत जुने ट्रायोडचे. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये नळीत तिसरे अग्र घातले, तेथून या घराण्याचा वंश सुरू होतो. बोलपटगृहांच्या अँप्लिफायरसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने काढलेला ३००बी आणि आरसीए कंपनीचा २ए३ हे त्यातले नावाजलेले वंशज. स्वभावाने सरळ, पण खर्चिक. पुष्कळ वीज खाऊन एकटा २ए३ साडेतीन वॅट देतो आणि ३००बी आठांच्या आसपास.

दुसरे घराणे पेंटोडचे. ट्रायोडची कार्यक्षमता वाढावी म्हणून त्यात आणखी एक जाळी घालण्यात आली, पण तिने नवेच संकट उभे केले. वेगाने येणारे इलेक्ट्रॉन धनाग्रावर आपटले की, पावसाचा थेंब साचल्या पाण्यात पडल्यावर तुषार उडावेत तसे दुसरे इलेक्ट्रॉन उडू लागत आणि या नव्या जाळीकडे जात. हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगेन यांनी १९२६ मध्ये पाचवे अग्र घालून हे तुषार परत धनाग्राकडे वळविले. ईएल ३४ आणि छोटा ईएल ८४ हे या घराण्यातले. तिसरे घराणे बीम टेट्रोडचे. त्यात पाचव्या अग्राचे काम इलेक्ट्रॉनांचा झोत आखून देऊन साधले आहे. १९३६ चा अमेरिकन ६एल६, १९३७ चा ब्रिटिश केटी ६६ आणि १९५० च्या दशकातला धिप्पाड केटी ८८ ही त्याची अपत्ये. केटी ८८ ची जोडी मनावर घेईल तर शंभर वॅटपर्यंत मजल मारते.

आता आवाजाकडे वळू. कोणताही व्हॉल्व्ह आपल्याला दिलेला स्वर तंतोतंत मोठा करीत नाही; पदरचे थोडेसे त्यात घालतो. हे पदरचे घालणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगणे मुळीच अवघड नाही, कारण आपण तंबोरा ऐकलेला असतो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून षड्ज तर निघतोच, पण जवारी नीट लागली असेल तर गांधारही स्पष्ट ऐकू येतो. तो गांधार कोणी वाजविलेला नसतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे जे उपस्वर तारेतून उमटतात त्यांतला तो पाचवा.

समजा, व्हॉल्व्हला दर सेकंदास २४० कंपनांचा षड्ज दिला. एकटा काम करणारा ट्रायोड त्यात मुख्यतः दुसरा उपस्वर मिसळतो. तो ४८० चा, म्हणजे तार षड्जच झाला. षड्जात षड्ज मिसळला तर तक्रार कोण करणार? उलट आवाज थोडा भरल्यासारखा वाटतो. पेंटोड आणि बीम टेट्रोड यांची जोडी आमनेसामने लावली, म्हणजे ज्याला पुश-पुल म्हणतात तशी मांडणी केली, तर दुसरा, चौथा हे सम उपस्वर परस्परांना छेदून जातात आणि तिसरा उरतो. तो ७२० चा, वरच्या सप्तकातला पंचम. तोही परका नव्हे, पण त्याने आवाजाला किंचित धार येते. पाचवा म्हणजे गांधार, तो कानावर येताच ओळखता येतो. खरी पंचाईत सातव्यापासून पुढे सुरू होते. सातवा उपस्वर कोमल निषादाच्याही थोडा खाली पडतो. अकरावा दोन मध्यमांच्या मध्ये लोंबकळतो आणि तेरावा दोन धैवतांच्या मध्ये. हे कोणत्याच रागाच्या पंक्तीत बसत नाहीत. पेंटोडला त्याच्या शक्तीच्या सीमेपर्यंत रेटले की हे पाहुणे मोठ्या संख्येने येतात; ट्रायोडकडे ते कमी येतात. ट्रायोडच्या आवाजाला गोड म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढे.

एवढे, आणि याहून अधिक नाही. कारण गाणे म्हणजे एकच स्वर नव्हे. हा मुद्दा ट्रायोडचे भक्त नेहमी विसरतात, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. जो वक्रपणा दुसरा उपस्वर निर्माण करतो तोच, एका वेळी दोन स्वर आले असता, त्यांची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करतो. तंबोऱ्याचा षड्ज २४० चा आणि गायकाचा पंचम ३६० चा असेल तर बेरीज ६०० ची येते. तो तार गांधार. छान झाले. वजाबाकी १२० ची, ती खालचा षड्ज. तेही छान. पण आता गायकाने भैरवातला कोमल ऋषभ लावला असे समजा. तो २५६ च्या आसपासचा. त्याची षड्जाशी बेरीज ४९६ होते. तार षड्ज ४८० आणि तार कोमल ऋषभ ५१२; त्या दोघांच्या बरोबर मध्ये हा तिसरा येऊन उभा राहतो, आणि दोघांशीही सेकंदाला सोळा या गतीने थरथरतो. गायकाने जन्मभर साधना करून आंदोलन जेथे ठेवले तेथे व्हॉल्व्हने आपले आंदोलन घालावे, याला मी गोडवा म्हणणार नाही. एकल गायनाला जो अँप्लिफायर खुलवितो तोच वाद्यवृंदाला गढूळ करतो, या अनुभवाचे कारण हेच.

आवाजातील फरकाचे दुसरे कारण याहूनही प्रबळ आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. ३००बी चा सुमारे ७०० ओहम आणि पेंटोड म्हणून लावलेल्या ईएल ३४ चा सुमारे १५,००० ओहम. ट्रान्सफॉर्मरमधून हा रोध लहान होऊन लाऊडस्पीकरला दिसतो. लाऊडस्पीकरही काही एकवचनी नाही. त्याच्यावर ८ ओहम असे लिहिलेले असले तरी तो कोठे ६ तर खर्जाच्या अनुनादाजवळ ३० ओहमही असतो. आता अँप्लिफायरचा रोध ३ ओहम धरला, जो फीडबॅक नसलेल्या ट्रायोड अँप्लिफायरमध्ये सर्रास आढळतो, तर या दोन ठिकाणी लाऊडस्पीकरला मिळणाऱ्या दाबात पावणेतीन डेसिबलच्या आसपास फरक पडतो. हा फरक कोणत्याही निरोगी कानाला ऐकू येईल. खर्जात एक फुगवटा येतो आणि ऐकणारा म्हणतो, काय ऊब आहे! ऊब खरी आहे, पण ती व्हॉल्व्ह आणि त्या विशिष्ट लाऊडस्पीकरच्या लग्नातून आलेली आहे. दुसऱ्या घरी, दुसऱ्या लाऊडस्पीकरवर तोच व्हॉल्व्ह निराळा बोलेल. याच हिशेबात अँप्लिफायरचा रोध ३ ऐवजी ०.३ ओहम धरला की फरक एक तृतीयांश डेसिबलवर येतो.

तो रोध इतका खाली आणण्याची युक्ती म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. अँप्लिफायरच्या शेवटी जे निघाले त्याचा काही अंश उलटा करून आरंभी परत द्यावयाचा, म्हणजे मुळाबरहुकूम नसलेले जे काही असेल ते आपोआप कापले जाते. हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनियरला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना नावेत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. पुढे वीस वर्षांनी, १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत, डी. टी. एन. विल्यमसन यांनी लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपला प्रसिद्ध आराखडा छापला. ट्रायोडसारखी जोडणी केलेले दोन केटी ६६, उत्तम ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर फीडबॅक. १५ वॅट शक्तीला विकृती एक दशांश टक्क्याहून कमी. घरोघरच्या हौशी लोकांनी तो आराखडा बांधला. १९५१ मध्ये हाफ्लर आणि केरोस या अमेरिकन जोडीने ट्रान्सफॉर्मरच्या मधूनच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या जाळीला जोड देऊन ट्रायोडचा सरळपणा आणि पेंटोडची ताकद एकत्र आणली. त्या जोडणीला अल्ट्रालिनियर म्हणतात. तीच कल्पना ब्रिटनच्या ॲलन ब्लमलाइनने १९३० च्या दशकातच पेटंट करून ठेवली होती, हे मागाहून पुष्कळांच्या ध्यानी आले.

विल्यमसनच्या वाटेने गेलेल्या अँप्लिफायरात ईएल ३४ च्या जागी केटी ८८ लावला तर किती फरक ऐकू येईल? माझे उत्तर : अँप्लिफायर सुस्थितीत असेल आणि त्याला शक्तीच्या मर्यादेत ठेवले असेल, तर जवळपास नाही. या मताला आधार आहे. १९७८ मध्ये ब्रिटनच्या क्वाड कंपनीने जेम्स मॉइर यांच्याकडून एक चाचणी करविली. त्यांचा १९५३ चा केटी ६६ व्हॉल्व्ह वापरणारा अँप्लिफायर आणि पुढल्या काळातले दोन ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर सारख्या आवाजपातळीवर, कोणता चालू आहे ते न सांगता, जाणत्या श्रोत्यांना ऐकविले. उत्तरांचा निकाल नाणेफेकीपेक्षा निराळा आला नाही. चाचणी कंपनीनेच करविली होती हे खरे. संशयी माणसाला तेवढी फट उरते. परंतु १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर यांनी त्याहून धीट पैज मारली. एका ध्वनिविषयक मासिकाच्या संपादकांना आवडणारा महागडा व्हॉल्व्ह अँप्लिफायर समोर ठेवून आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा स्वभाव त्यांनी हुबेहूब त्याच्यासारखा करून दाखविला आणि ऐकणाऱ्या संपादकांना दोघांतला फरक सांगता आला नाही. म्हणजे व्हॉल्व्हचा म्हणून जो आवाज, तो काचेच्या नळीतच राहतो असे नाही. तो मोजता येतो आणि दुसरीकडे नेऊनही ठेवता येतो.

मग सारेच मनाचे खेळ काय? नाही. मर्यादेबाहेर गेल्यावर गोष्ट पालटते. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी ध्वनिमुद्रणशाळेतील मायक्रोफोनच्या अँप्लिफायरांचा अभ्यास करून दाखविले की, अतिभार झाला असता व्हॉल्व्हची आणि ट्रान्झिस्टरची विकृती वेगळ्या उपस्वरांची बनलेली असते आणि नेमका तेथेच कानाला फरक कळतो. विद्युत् गिटार वाजविणारे तर मुद्दामच मर्यादेबाहेर राहतात. त्यांच्या दृष्टीने अँप्लिफायर हे वाद्याचेच अंग. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा जसा. अमेरिकेतील फेंडरचा ६एल६ जातीच्या व्हॉल्व्हांचा अँप्लिफायर समोर ठेवून लंडनच्या मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला अँप्लिफायर काढला आणि काही वर्षांनी तो ईएल ३४ कडे वळला. व्हॉक्सच्या ३० वॅटच्या अँप्लिफायरात चार ईएल ८४ ओळीने बसविलेले. या तिघांचे आवाज रॉक संगीताच्या चाहत्यांना डोळे मिटून ओळखता येतात. तेथे व्हॉल्व्हला दाद द्यावीच लागेल, जरी सोबतच्या मंडलाचा, ट्रान्सफॉर्मरचा आणि पेटीतल्या लाऊडस्पीकरचा वाटा वजा करता येत नसला तरी.

आपल्या घरांतल्या जुन्या रेडिओचा गोडवा हाही याच हिशेबात तपासून पाहण्यासारखा आहे. १९५२ मध्ये आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५७ मध्ये विविध भारती आली. त्या काळी देशभर जे गाणे ऐकले गेले ते बहुतांशी एकाच आउटपुट व्हॉल्व्हमधून. ६व्ही६ म्हणा, ईएल ८४ म्हणा. शक्ती तीन-चार वॅट. पुढे १९६१ पासून बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात असे व्हॉल्व्ह देशातच होऊ लागले. आता एकट्या ईएल ८४ ची पूर्ण शक्ती जी सांगतात ती विकृती दहा टक्क्यांवर गेली असता मोजलेली आहे. विल्यमसनच्या आकड्याशी तिची तुलना करावी. तरीही त्या आवाजाची आठवण हळवी का करते? माझ्या समजुतीने त्यात व्हॉल्व्हचा वाटा लहान आहे. मध्यम लहरींवरून साडेचार-पाच हजारांच्या वरची कंपने फारशी पोहोचतच नसत. म्हणजे सगळी कर्कशता वाटेतच गळून पडे. खाली लाकडी पेटी घुमे आणि मोठा कागदी लाऊडस्पीकर थोड्या शक्तीतही भरपूर बोले. शिवाय रात्री साडेनऊला घर शांत होऊन गाणे ऐकायला बसे. हा शेवटचा घटक कोणत्याही मापनयंत्रावर दिसत नाही.

ज्यांना आपल्या कानाची परीक्षा स्वतःच घ्यावीशी वाटेल त्यांनी एक व्हॉल्व्ह काढून दुसरा बसवून तुलना करू नये. ईएल ३४, ६एल६, केटी ६६ आणि केटी ८८ एकाच आठ पायांच्या सॉकेटात बसतात, त्यामुळे मोह होतो खरा. पण नळी थंड होऊन दुसरी तापेपर्यंत पाच-दहा मिनिटे जातात आणि स्वराच्या पोताची आठवण कानात तेवढा वेळ टिकत नाही. त्यात नव्या व्हॉल्व्हचा बायस वेगळा लागतो. तो लावून दिला नाही तर तुलना व्हॉल्व्हांची न होता बिघाडाची होते. तेव्हा एकसारखे दोन अँप्लिफायर घ्यावेत, निरनिराळे व्हॉल्व्ह लावून दोन्ही नीट जुळवावेत आणि लाऊडस्पीकर एकावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच मध्ये ठेवावा. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू असताना त्याला लाऊडस्पीकरवाचून ठेवू नये, म्हणून जो ऐकत नसू त्याला त्याच मापाचा रोध जोडणारा स्विच हवा. एक स्थिर स्वर वाजवून दोघांचा दाब व्होल्टमीटरवर सारखा करावा. शंभरात एकाहून अधिक फरक नको. कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला नेहमी सरस वाटतो, आणि व्हॉल्व्हांविषयीची निम्मी मते या एका भुलीतून जन्मलेली आहेत. स्विच दुसऱ्याने, नाणे उडवून, आपल्या पाठीमागे फिरवावा. सोळा वेळा ओळखून पाहावे. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर आपल्या कानाला काहीतरी ऐकू येते असे धरण्यास हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तेवढी बरोबर येण्याचा संभव शंभरात चारच्या आत आहे.

हे करताना अँप्लिफायरच्या तळाशी हात घालण्याचा प्रसंग आला तर मात्र कानापेक्षा जीव जपावा. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यानंतरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. प्लग काढून, मोठ्या रोधातून ते रिकामे करून आणि मीटरवर शून्य पाहूनच पुढे जावे. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकियातील चाडत्सा, रशियातील सारातोव्ह आणि चीन येथून येतात; २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाचा पुरवठा अडखळला तेव्हा साऱ्या जगातील गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. बंगलोरचे जुने व्हॉल्व्ह क्वचित जुन्या बाजारात सापडतात. ते घ्यायचे तर काचेच्या आतला चंदेरी लेप पाहून घ्यावा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, मग खोक्यावर नाव कोणतेही असो.